शेंड्यावरच्या बाई

माणूस निवृत्त झाला की त्याच्यातला कलावंत जागा होतो आणि मग शेजारी जागे राहतात. निरोप समारंभात शाल आणि श्रीफळ मिळालेलं असतं. 'आता छंद जोपासा, साहेब' असं प्रत्येक वक्त्यानं बजावलेलं असतं. त्यामुळे पुढच्या सोमवारी साहेब छंद शोधायला बाहेर पडतात. छंद नाही सापडला तरी त्याचा क्लास सापडतोच.

आमच्या सोसायटीत आणि तिच्या आजूबाजूला निवृत्तांची वस्ती दाट आहे, त्यामुळे या विषयाचा अभ्यास मला खिडकीत बसून करता येतो. बँकेतून निवृत्त झालेले मुकेश गातात. महसूल खात्यातले किशोरकुमार गातात. तलत प्राध्यापकांकडे आहे, कारण त्याला मोठा आवाज लागत नाही आणि वर्गात तो कधीच लागलेला नसतो. रफीच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. गेलाच तर घरात डॉक्टर असावा लागतो. कराओकेचं यंत्र आल्यापासून वाद्यवृंद बिनचूक झाला आहे, त्यामुळे चूक कोणाची हा वादही मिटला आहे.

गाण्यात गती नसलेले चित्रकलेकडे वळतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब जलरंगात हिमालय काढतात. ते हिमालयात कधी गेलेले नाहीत, पण हिमालयही तक्रार करायला येत नाही. उरलेले कविता करतात. कवितासंग्रहाला प्रकाशक मिळतोच. पैसे कोणी घालायचे एवढा एकच प्रश्न असतो आणि तो प्रॉव्हिडंट फंडानं परस्पर सोडवलेला असतो. शीर्षकात 'सांज', 'ओंजळ' किंवा 'प्राजक्त' यांपैकी एक शब्द हवा, हा अलिखित नियम. प्रकाशन समारंभात वाटलेल्या प्रती रद्दीवाल्याकडे जायला साधारण एक दिवाळी जावी लागते.

या सगळ्या कलांमध्ये एक गोष्ट मला फार दिवस खटकत होती. ज्या कामात पस्तीस वर्षं घालवली, ते काम यांच्या कलेत औषधालाही सापडत नाही. धरणं बांधणारा माणूस धरण रंगवत नाही. कर्जवसुली केलेल्या एकाही साहेबानं बुडीत कर्जावर गझल लिहिलेली नाही. विषय गझलेच्या किती जवळचा होता! आरोग्य खात्यातल्या बाई डासांविषयी जे जाणतात, त्यावर तीन अंकी नाटक होईल, पण त्या पैठणीवर मोर काढतात. निवृत्तीनंतरची कला म्हणजे नोकरीतून मिळालेली सुटका, असाच सगळ्यांचा समज आहे.

या दुखण्याचं मूळ दहावीच्या निकालात असतं. नव्वद टक्क्यांच्या वर गेलेला मुलगा सायन्सला जातो आणि त्या दिवशी त्याची रंगपेटी माळ्यावर जाते. 'आर्ट्सला गेला' हे वाक्य आपण ज्या आवाजात उच्चारतो, त्या आवाजात एरवी फक्त आजाराच्या बातम्या सांगतात. तेव्हापासून डोक्यात दोन खोल्या आणि मध्ये एक भिंत. एका खोलीत खरं असतं, दुसऱ्या खोलीत सुंदर असतं. पेन्शन सुरू झाली की माणूस पहिल्या खोलीला कुलूप लावून दुसरीत राहायला जातो, आणि जाताना पहिल्या खोलीतलं काहीही बरोबर नेत नाही.

ही भिंत न बांधलेल्या एका बाई अमेरिकेत आहेत. त्यांचं नाव नलिनी नाडकर्णी. आडनाव ऐकताच वाचक 'गोव्याचे की कारवारचे?' असं विचारणार, हे मला ठाऊक आहे. वडील भारतातून अमेरिकेत गेलेले हिंदू आणि आई ब्रुकलिनच्या ज्यू घरातली, एवढ्यावर भागवावं. १९५४ चा जन्म. वॉशिंग्टन राज्यातल्या एव्हरग्रीन महाविद्यालयात आणि नंतर युटा विद्यापीठात त्यांनी परिस्थितिकी शिकवली, आणि आता त्या निवृत्त प्राध्यापक आहेत. त्यांचं संशोधन झाडांवर, आणि 'वर' हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा. आयुष्यभर त्या उंच झाडांच्या शेंड्यांमध्ये बसून काम करत आल्या.

पदवी घेतल्यावर त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक पॅरिसमधल्या आधुनिक नृत्याची, दुसरी पापुआ न्यू गिनीच्या जंगलात कीटक आणि झाडं मोजण्याची. आपल्याकडे हा पेच एका रविवारी मामांना बोलावून सोडवला असता. या बाईंनी दोन्ही वाटा प्रत्यक्ष चालून पाहिल्या आणि मग जंगल निवडलं. निवडीमागचा हिशेब अगदी मध्यमवर्गीय होता. नर्तकीची कारकीर्द ऐन तारुण्यात संपते, पण जंगलातला शास्त्रज्ञ म्हातारपणीही हिंडत असतो. उत्तम पेन्शन योजनेचा इतका दूरदर्शी विचार आमच्या बँकवाल्यांनीही केला नसेल.

पुढे त्या वॉशिंग्टन विद्यापीठात पीएच.डी. करायला गेल्या. हे वॉशिंग्टन म्हणजे राजधानी नव्हे, पॅसिफिक किनाऱ्यावरचं राज्य. तिथल्या ऑलिंपिक द्वीपकल्पावर पाऊस इतका पडतो की आंबोलीच्या माणसालाही घरच्यासारखं वाटावं. झाडांच्या फांद्यांवर शेवाळाचे गाद्यांएवढे थर. तोवर जंगलाचा अभ्यास म्हणजे बहुतेक खोडाला फूटपट्टी लावून मान वर करणं होतं. 'वर जाऊन बघते' असं या विद्यार्थिनीनं म्हटल्यावर ज्येष्ठांना ती टारझनगिरी वाटली. आपल्याकडेही झाडावर चढलेल्या मुलीला खाली उतरवायला अख्खी आळी गोळा होते, तेव्हा ज्येष्ठांना दोष देण्यात अर्थ नाही.

बाई चढल्या. पद्धत सोपी आहे, करायला नाही. बेचकीनं मासेमारीची बारीक दोरी उंच फांदीवरून पलीकडे मारायची, तिला जाड दोर बांधून वर ओढून घ्यायचा आणि मग गिर्यारोहकांच्या साधनांनी त्या दोरावरून सरकत जायचं. वर गेल्यावर त्यांनी शेवाळाची गादी उचकटून पाहिली, तर खाली माती होती. वर्षानुवर्षं पानं कुजून आणि धूळ साचून फांदीवरच तयार झालेली. त्या मातीत मेपलच्या झाडानं स्वतःच्याच फांद्यांमधून मुळं सोडली होती. खाली जमिनीत मुळं असताना झाडानं वरही जेवणाची सोय करून ठेवलेली. हा शोध १९८१ साली 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला. टारझनगिरी म्हणणाऱ्यांनीही तो बसूनच वाचला असणार.

फांद्यांवर राहणाऱ्या या शेवाळ, नेचे, आमरी मंडळींना आपण सरसकट बांडगूळ म्हणून मोकळे होतो. हा अन्याय आहे. बांडगूळ यजमानाच्या ताटात हात घालतं, आणि ही मंडळी फक्त जागा वापरतात. पुण्यात शिकायला येऊन कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरांसारखी ती डबा स्वतःचा स्वतः आणतात, पावसातून आणि धुक्यातून. उलट घरमालकालाच त्यांच्या कचऱ्यात मुळं सोडून खत मिळतं. एवढा गुणी भाडेकरू कोणत्याही पेठेत मिळणार नाही.

इथवर हे शुद्ध विज्ञान झालं. पण एवढं सगळं लिहूनही ते वाचलं कोणी? शास्त्रज्ञांनी. पर्यावरणावरच्या व्याख्यानांना मीही जातो, त्यामुळे श्रोतृवर्ग मला पाठ आहे. तेच चाळीस चेहरे, खांद्याला कापडी पिशवी, हातात स्टीलची बाटली. सगळ्यांना सगळं आधीच पटलेलं असतं. वक्ता त्यांना पुन्हा एकदा पटवतो, ते पुन्हा एकदा हळहळतात, चहा होतो, कागदी कप कुठे टाकायचे यावर पाच मिनिटं चर्चा होते आणि सभा विसर्जित होते. ज्याच्या हातात करवत आहे तो त्या हॉलच्या आसपासही फिरकत नाही.

नाडकर्णीबाईंनी इथे वेगळा विचार केला. जे येत नाहीत त्यांच्याकडे आपण जायचं, आणि जाताना त्यांना आवडेल त्या वेषात जायचं. मग त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका आधुनिक नृत्यसंस्थेच्या नर्तकांना कोस्टारिकाच्या जंगलात नेलं आणि त्यातून नृत्य उभं राहिलं. रॅप गाणाऱ्याला शहरी पोरांबरोबर जंगलात नेलं. धर्मग्रंथांमधले झाडांचे उल्लेख शोधून काढले आणि चर्च, सिनेगॉग, मंदिरं अशा ठिकाणी जाऊन झाडांवर बोलल्या. आपल्याकडे कीर्तनकाराला हे शिकवावं लागत नाही. पूर्वरंगात वृक्ष घ्यायचा आणि उत्तररंगात वल्ली, एवढाच बदल.

या सगळ्यांत मला सर्वांत आवडलेला प्रयोग झाडाकडून चित्र काढून घेण्याचा. बाईंनी डहाळीच्या टोकाला रंगाचा ब्रश बांधला आणि समोर कागद धरला. वारा आला, झाड हललं, चित्र तयार. प्रत्येक जातीच्या झाडाचा हात वेगळा निघाला. आमच्या सोसायटीतल्या चित्रकारांचे हिमालय मात्र एकमेकांपासून ओळखता येत नाहीत, कारण क्लास एकच आहे. झाडानं क्लास लावला नव्हता.

पण बाई मुळात शास्त्रज्ञ. चित्र भिंतीवर टांगून त्या थांबल्या नाहीत. त्यांनी कागदावरच्या रेघांची लांबी मोजली. एका टोकाची हालचाल कळल्यावर झाडावरच्या एकूण टोकांनी आणि वर्षभराच्या काळानं गुणलं. मेपलच्या एका जातीच्या झाडाच्या सगळ्या डहाळ्या मिळून वर्षात जेवढं अंतर हलतात, ते पृथ्वीला सात प्रदक्षिणा घालण्याइतकं भरलं. आपण ज्याला एका जागी उभं राहणं म्हणतो, त्याचा हा हिशेब.

इथे मला वटपौर्णिमा आठवल्याशिवाय राहिली नाही. आपल्याकडे बायका झाडाला सात फेरे घालतात, कारण झाड उभं आहे आणि आपण फिरतो, अशी आपली खात्री असते. तिकडच्या हिशेबानं झाडच तेवढ्या वेळा पृथ्वीभोवती जाऊन आलेलं असतं, तेही पुढचा जन्म वगैरे काही न मागता. शहरात तर आता वडापर्यंत जायलाही सवड नाही, म्हणून वडाची फांदीच बाजारातून आणून घरी कुंडीत खोचतात. म्हणजे ज्या झाडाचं आयुष्य नवऱ्याला मिळावं म्हणून पूजा, त्याचंच आयुष्य आदल्या दिवशी तोडून टोपलीत विकायला. त्या फांदीला तोडण्याआधी कुणी ब्रश बांधला असता, तर तिनं काय रेखाटलं असतं कोण जाणे.

मग बार्बीचं प्रकरण. २००० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत बाईंच्या डोक्यात आलं की लहान मुली ज्या बाहुलीशी खेळतात, तिनंच झाडावर चढावं. बाहुली बनवणाऱ्या मॅटेल कंपनीला विचारलं, तिला रस नव्हता. बाईंनी जुन्या वस्तूंच्या दुकानांतून वापरलेल्या बाहुल्या आणल्या. शिवणकाम जाणणाऱ्या स्वयंसेवकांनी त्यांना जंगलात चालतील असे कपडे शिवले, डोक्यावर हेल्मेट, कमरेला दोर, सोबत शेंड्यांवरच्या वनस्पतींची चिमुकली पुस्तिका. 'ट्रीटॉप बार्बी' तयार. उंच टाचांचे बूट काढून झाडावर चढलेली बहुधा ही पहिलीच बार्बी. कंपनीच्या कानावर गेल्यावर कंपनीनं हरकत घेतली. तेव्हा बाईंनी शांतपणे कळवलं की एका सावळ्या, लहानखुऱ्या शास्त्रज्ञ बाईला मुलींमध्ये विज्ञानाची गोडी लावण्यापासून एवढी मोठी कंपनी अडवते आहे, ही बातमी छापायला आवडेल असे बरेच पत्रकार माझ्या ओळखीचे आहेत. कंपनीनं हरकत मागे घेतली. २०१९ मध्ये त्याच कंपनीनं 'नॅशनल जिओग्राफिक'बरोबर शास्त्रज्ञ बार्बींची मालिका काढली, तेव्हा सल्ला द्यायला नाडकर्णीबाई होत्या. मराठी बाण्याची ही परंपरा आडनावातून आली असावी, असं म्हणायचा मोह मी आवरतो.

पुढचा मुक्काम तुरुंग. आपल्या आयुष्यात शेवाळाची जागा मर्यादित आहे. जुलैमध्ये त्यावरून घसरून मनगट मोडतं आणि हाडाच्या डॉक्टरांशी घरोबा होतो. तिकडे मात्र जंगलातल्या फांद्यांवरचं शेवाळ खरवडून फुलवाल्यांना विकण्याचा मोठा धंदा आहे. टोपल्या आणि गुच्छ सजवायला ते लागतं. एकदा खरवडलेलं शेवाळ पुन्हा पूर्ववत व्हायला काही दशकं जातात. ते लागवड करून वाढवता येईल का, हे पाहायचं होतं. पण रोज बारकाईनं निरीक्षण करायला वेळ कुणाला?

उत्तर २००४ मध्ये सीडर क्रीक नावाच्या तुरुंगात मिळालं. तिथल्या मंडळींकडे वेळच वेळ होता, जागा होती, काही नवं करण्याची ओढ होती, आणि शेवाळ वाढवायला धारदार हत्यार लागत नाही, हा मुद्दा तुरुंगाधिकाऱ्यांना विशेष पटला. कैद्यांनी शेवाळाच्या जाती ओळखायला शिकून, पाणी घालून, नोंदी ठेवून प्रयोग चालवला. त्यातून पुढे तुरुंग खातं आणि महाविद्यालय यांचा कायमचा कार्यक्रम उभा राहिला. कुठे कैदी दुर्मीळ बेडूक वाढवू लागले, तर बायकांच्या तुरुंगात दुर्मीळ फुलपाखरं.

पण ज्या कैद्यांना एकांतकोठडीतून बाहेरच सोडत नाहीत, त्यांचं काय? त्यांच्यापर्यंत झाड नेता येत नाही. मग त्यांच्यापर्यंत चित्र न्यायचं. २०१३ मध्ये ओरेगनमधल्या स्नेक रिव्हर तुरुंगात एक खोली तयार झाली, तिला नाव पडलं 'ब्लू रूम'. भिंतीवर समुद्र, जंगल, ढग यांच्या चित्रफिती दाखवायच्या. दिवसाचे २३ तास कोठडीत काढणारा माणूस तिथे थोडा वेळ बसायचा. वर्षभर हिशेब ठेवला, तर या चित्रफिती पाहणाऱ्यांचे हिंसक गुन्हे न पाहणाऱ्यांपेक्षा २६ टक्के कमी भरले. हा निष्कर्ष २०१७ मध्ये शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झाला. आपल्याकडेही रोज सकाळी सहा वाजता नातेवाईकांच्या व्हॉट्सअॅप गटावर धबधबे, कमळं आणि सूर्योदय येतात. त्यानं हिंसेची भावना कमी होते की वाढते, याचा अभ्यास अजून कुणी केलेला नाही. करावा. नमुने मी पुरवीन.

२०१५ मध्ये संशोधन करताना बाई ५० फुटांवरून खाली पडल्या. बरगड्या, कंबर, पाठीचे मणके, बरंच काही मोडलं. त्या वाचल्या, बऱ्या झाल्या आणि पुन्हा झाडावर चढल्या. एवढंच नव्हे, मोडतोड झाल्यावर जंगल कसं सावरतं आणि माणूस कसा सावरतो, यात काही साम्य आहे का, याचा शोध त्यांनी वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या लोकांना एकत्र बसवून सुरू केला. आपल्याकडे बाथरूममध्ये पाय घसरलेला माणूस पुढची दहा वर्षं तोच प्रसंग सांगतो. विषय तोही चांगला आहे, पण त्यात इतरांना बसायला जागा नसते.

असं करणाऱ्या त्या एकट्याच नाहीत. एडवर्ड विल्सन हे मुंग्यांचे जगद्विख्यात अभ्यासक १९९६ मध्ये हार्वर्डमधून निवृत्त झाले. आपल्याकडे निवृत्त आजोबा मुंग्यांना साखर घालतात. विल्सन आजोबांनी मोठ्या डोक्याच्या मुंग्यांच्या एकाच प्रजातीगटातल्या ६२४ जातींवर ग्रंथ लिहिला, तो २००३ मध्ये आला, आणि त्यातली पाच हजारांहून अधिक रेखाटनं स्वतःच्या हातानं काढली. पुढे २०१० मध्ये, ऐंशी उलटल्यावर, कादंबरी लिहिली. तिच्यात मुंग्यांच्या वारुळांचं युद्ध मुंग्यांच्या बाजूनं सांगितलं आहे. आयुष्यभर मुंग्या पाहिल्या आणि निवृत्त झाल्यावर प्राजक्तावर लिहिलं, असा प्रकार नाही.

आपल्याकडेही ही माणसं होती, त्यांना आपण अपवाद म्हणून फ्रेममध्ये बसवलं. मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरी करताना जंगल लिहीत राहिले, आणि १९९० मध्ये निवृत्त झाल्यावरही तेच लिहीत राहिले. सोलापुरात भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, म्हणजे वनाधिकाऱ्याला साहित्यिकांनी आपलं म्हटलं. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला कृष्णविवरावरची गोष्ट पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून हस्ताक्षर पत्नीचं. पहिलं बक्षीस मिळालं. आपल्याकडे मोठ्या नावावर किरकोळ कविता छापून आणायची पद्धत असताना हा गृहस्थ नाव लपवून पहिला आला.

बाकी आपली पर्यावरण-कला म्हणजे काय? पालिकेनं झाडं तोडून रुंद केलेल्या रस्त्याच्या कडेच्या भिंतीवर रंगवलेली झाडं. पाच जूनला शाळेत 'माझा मित्र वृक्ष' या विषयावर चित्रकला स्पर्धा, ज्यात प्रत्येक झाडाला तपकिरी खोड, हिरवा ढग आणि सात लाल सफरचंदं असतात. महाराष्ट्रात सफरचंदाची झाडं एवढी असती तर आंबा कुणी खाल्ला असता? आणि 'झाडे लावा, झाडे जगवा' असा फ्लेक्स, तोही त्याच झाडाला चार खिळे मारून टांगलेला. फ्लेक्सवर झाडापेक्षा मोठे चेहरे. झाडाला आवाज असता तर त्यानं दुसरा भाग आधी वाचून घ्या, असं सांगितलं असतं.

आणि तरीही, शब्दात लय असली तर झाडं लोकांच्या तोंडी बसतात, याचा पुरावा आपल्याकडे आहे. २०२२ मध्ये एका आमदारांनी गुवाहाटीहून फोनवर झाडी, डोंगार आणि हाटील यांचं जे वर्णन केलं, ते महिनाभर गावोगावच्या पोरांना पाठ होतं. परिस्थितिकीवरचं इतकं गाजलेलं मराठी निवेदन गेल्या कित्येक वर्षांत झालं नसेल. त्यात एक दोष होता. निरीक्षणाचा तिसरा घटक हाटील होतं आणि निरीक्षकाचा मुक्काम तिथेच होता. पण लय चोख होती. ज्यांच्याकडे माहिती आहे त्यांनी लय शिकली नाही, तर लय ज्यांच्याकडे आहे ते माहितीशिवाय बोलणारच.

म्हणून माझं निवृत्तांना सांगणं आहे. कराओके सोडू नका, शेजाऱ्यांनी कानात घालायला कापूस आणून ठेवला आहे. पण पस्तीस वर्षांत जे एकट्या तुम्हालाच कळलं, ते ग्रॅच्युइटीबरोबर खर्च करून टाकू नका. हिमालय रंगवायला हजारो हात आहेत. आपल्या गावातला कोणता ओढा कोणत्या इमारतीखाली गाडला आहे, हे रंगवू शकणारे हात पाटबंधारे खात्यातच असतात. पुण्यात आंबिल ओढ्यानं २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर आणून स्वतःचा जुना नकाशा स्वतःच काढून दाखवला. तो कुणीतरी आधी जलरंगात काढून सोसायटीच्या जिन्यात लावला असता, तर लोकांनी निदान गाड्या वरच्या अंगाला लावल्या असत्या. आरोग्य खात्यातल्या बाईंनी मोर खुशाल काढावा, पण एका पैठणीच्या पदरावर डासाचं अख्खं जीवनचक्र यावं. अंड्यापासून अळी, अळीपासून कोष, नक्षी म्हणून ते सुरेख दिसेल आणि भिशीत बायका कुंड्यांखालच्या ताटल्या तपासायला घरी पळतील. बँकवाल्यांनी बुडीत कर्जाची गझल लिहावी, मतला जामीनदारावर. आणि हे सगळं वाचून दाखवायला त्या चाळीस जणांच्या सभेत जाऊ नका, त्यांना पटलेलं आहे. रिक्षाथांब्यावर जा, भिशीत जा, गणपतीच्या मंडपात जा, जिथे तुम्हाला कुणी बोलावलेलं नाही तिथे जा.

ज्यांना निवृत्त व्हायला अजून वेळ आहे, त्यांच्यासाठी नाडकर्णीबाईंच्या उदाहरणात आणखी एक बारीक मुद्दा आहे. ब्रश, बार्बी, शेवाळ आणि नर्तक हे सगळं त्यांनी नोकरीत असतानाच केलं. माळ्यावरची रंगपेटी आजच खाली काढा. रंग वाळतात.